चपातीवर पोसलेल्या लांडोरी

मॅनेजरने लांडोरीचं अंडं माझ्या तळहातावर ठेवलं. अंडं हातात घेताना ते टणक असणार अशी हाताची तयारी असते. हे कोमट होतं, लिबलिबीत होतं आणि बोटांच्या फटीतून खाली उतरू बघत होतं. वरची कातडी पिवळट आणि ओली, भाजल्यावर येणाऱ्या फोडासारखी. आतलं पाणी इकडून तिकडे सरकताना दिसत होतं. एका अंगाला विष्ठेचा हिरवा डाग. माझ्या किचनमध्ये रोज ट्रेच्या ट्रे अंडी फुटतात, मला कधी अंड्याची किळस आली नव्हती. त्या दिवशी आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

"हे तुमच्या पोळ्यांमुळे, ताई," मजऱ्याचा मॅनेजर म्हणाला. हे मराठीत म्हणाला, मला कळावं म्हणून. मग तेच हिंदीत म्हणाला, अरबाबांना कळावं म्हणून. हिंदीत मात्र त्याने एक शब्द वाढवला. "खराब रोटी."

मजरा म्हणजे अरबाबांची शेतवाडी, अल अवीरच्या पुढे वाळूत कुंपण घालून उभी केलेली. खजुराची झाडं, बकऱ्या, आणि हिरव्या कापडाच्या सावलीखाली जाळीचं मोठं घर, त्यात एक मोर आणि चार लांडोरी. अरबाब म्हणजे मालक. इथे आखातात आपली माणसं आपल्या अरबी मालकाला याच नावाने हाक मारतात, आणि मीही एकोणीस वर्षं तेच म्हणत आले. अल कुसैसमधलं माझं डब्यांचं किचन त्यांच्या इमारतीत आहे. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा अल मनखूलमध्ये तीन कुटुंबांच्या सामाईक स्वयंपाकघरात मी चपात्या लाटायला बसले. तिथून इथवर आले ती माझ्या जिभेवर आणि माझ्या मनगटावर. पण धंद्याचं पहिलं लायसन्स काढायला इथल्या माणसाची सही लागली, तेव्हा ती या म्हाताऱ्याने केली. एका शब्दाने अट घातली नाही. म्हणून त्या दिवशी तो घाणेरडा गोळा मी हातातच धरून ठेवला. दुसरं कोणी असतं तर ते अंडं त्या मॅनेजरच्या इस्त्रीच्या शर्टावर गेलं असतं.

अरबाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते जाळीकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "कल से मत भेजो."

एकोणीस वर्षांत माझ्या चपातीला कोणी खराब म्हटलं नव्हतं. फुकट मागितली आहे, उधार मागितली आहे, आणखी दोन वाढवा म्हणून भांडले आहेत. खराब म्हटलं नव्हतं.

आता या चपात्या मोरांपर्यंत कशा पोचल्या ते सांगायला हवं, कारण त्यात माझाच शहाणपणा आहे.

डब्यांच्या धंद्यात चपात्या उरतातच. कोणी रजेवर जातो, कोणी ऐनवेळी फोन करून आज नको म्हणतो. उरलेलं अन्न इथे रस्त्यावर कुठल्या गाईपुढे टाकता येत नाही. ते पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीला द्यावं लागतं, आणि त्या गाडीलाही पैसे मोजावे लागतात. अन्न टाकायला पैसे द्यायचे, हे माझ्या डोक्यात बसेना. तीन वर्षांपूर्वी हा मॅनेजर आला. पुण्याचा, कसलासा डिप्लोमा केलेला, इंग्रजी फर्डं. अरबाबांच्या कामाला त्याची पिकअप रोज आमच्या इमारतीशी यायची. मी त्याच्याशी सौदा केला: उरलेल्या चपात्या तू बकऱ्यांना ने, बदल्यात रोज एक डबा तुझा. तो खूश. मी त्याहून खूश, कारण माझी कचऱ्याची अर्धी पिशवी कमी झाली होती आणि एका डब्यात हे जमलं होतं. सौद्यात समोरच्याला आपण जिंकलो असं वाटू द्यायचं, ही माझी पद्धत.

काही महिन्यांनी त्याने एक व्हिडिओ पाठवला. लांडोरी धावत येऊन चपात्यांचे तुकडे टिपताहेत, मागे अरबाबांच्या नातेवाइकांची मुलं हसताहेत. बकऱ्यांचं राहिलं बाजूला, आता मोरांचा खेळ सुरू झाला. शनिवार-रविवारी पाहुणे आले की त्याचा मेसेज यायचा: ताई, आज जरा जास्त टाका. मी टाकायची. कमी उरल्या असतील तर ताज्या लाटून टाकायची. मी तो व्हिडिओ माझ्या गिऱ्हाइकांना पाठवला. आमच्या चपात्या मोर खातात, असं कोणती डबेवाली सांगू शकते?

त्यातून जे झालं ते फक्त आपल्याच लोकांत होऊ शकतं. अल मनखूलमधल्या एक बाई माझं फार जुनं गिऱ्हाईक. गावी असताना पहिली पोळी गाईला काढून ठेवायची त्यांची सवय, ती इथे येऊन बंद पडलेली. त्यांनी एक दिवस रिकाम्या डब्यातून फॉइलमध्ये गुंडाळलेली एक पोळी परत पाठवली, वर चिठ्ठी: मोरांसाठी. गाय नाही तर मोर. त्यांनी ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने भिशीत सांगितलं. दोन महिन्यांत डब्यांतून फॉइलच्या पुड्या परत येऊ लागल्या. कोणी तूप लावून, कोणी गूळ घालून, एकीने तर श्राद्धाचा दहीभात पाठवला. मी ते सगळं पिकअपमध्ये चढवायची. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. गिऱ्हाईक पुण्यासाठी बांधलं गेलं की भावात घासाघीस करत नाही, हेही मला कळत होतं. खोटं कशाला बोलू.

आणि आता चारही लांडोरी बिनकवचाची अंडी टाकत होत्या. काही तर रात्री बसायच्या दांडीवरूनच खाली पडून फुटायची. सकाळी वाळूत पिवळे डाग आणि त्यावर मुंग्या. मॅनेजरने मला ते सगळं फिरवून दाखवलं, जसं काही मीच रात्री येऊन करून गेले होते. गेल्या वर्षी अशी अंडी मिळाली तेव्हा म्हणे त्याने मांजरावर ढकललं होतं. यंदा मांजर नव्हतं, मी होते.

अरबाबांना बाकीच्या तिघींचं फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव चौथीत. डाव्या पायाचं एक बोट वाकडं असलेली, मानेवरचा हिरवा रंग विटलेला, वयाने मोठी लांडोर. त्यांच्या बायकोने ती पिल्लू असताना हाताने भरवून वाढवली होती. बायको जाऊन दोन वर्षं झाली. लांडोर आता किती दिवस अंडी घालणार, ते कोणाच्या हातात नव्हतं. मी निघताना अरबाब काठी टेकत गाडीपर्यंत आले आणि जाळीकडे बोट करून म्हणाले, "एक बच्चा चाहिए. इसी का. एक."

मला वाटलं, आता तरी म्हणतील की तुझा दोष नसेल. ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजऱ्यावरून आणलेली चार मऊ अंडी एका स्टीलच्या डब्यात ओल्या कापडावर ठेवली, दुसऱ्या डब्यात सहा चपात्या घेतल्या, तीन ताज्या, तीन कालच्या, आणि शारजाच्या बाजूला पक्ष्यांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत तिथे गेले. उन्हात गाडी उभी होती. डबा उघडला तेव्हा एक अंडं फुटलेलं होतं, आणि जो वास आला त्याने मी तोंड फिरवून उभी राहिले. तो डबा मी नंतर फेकून दिला. स्टीलचा होता, तरी.

डॉक्टरीणबाई केरळच्या. त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी मऊ अंडं बोटांनी दाबून बघितलं, मग हात धुतले, मग चपातीचा वास घेतला आणि चक्क एक तुकडा तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाल्या, "रोटी तो बढ़िया है. वही प्रॉब्लेम है."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही कोणालाही समजावू शकते. या दिवसांत लांडोर एक दिवसाआड अंडं घालते. अंड्यावरचं कवच एका रात्रीत तयार होतं, आणि ते होतं चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं. तो चुना खाण्यातून आला तर ठीक. नाही आला तर लांडोर तो आपल्या हाडांतून काढते, आणि तोही संपला की कवचच येत नाही. चपातीत, भातात, पावात हा चुना जवळजवळ नसतो. पण ते गोड लागतं, मऊ लागतं, पोट भरतं. मग समोर अंड्यावरच्या पक्ष्यांसाठीच्या खास गोळ्या ठेवल्या तरी ती त्यांना तोंड लावत नाही. मी म्हटलं, गोळ्यांवर मॅनेजर चुन्याची पांढरी पावडर टाकतो, डॉक्टरनेच दिलेली. त्या म्हणाल्या, पावडर भांड्याच्या तळाशी बसते, पक्षी वरचं टिपतो. हवेत शिंपल्याचे जाडसर तुकडे, वेगळ्या भांड्यात. ते पोटातल्या पिशवीत राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे जेव्हा हवं तेव्हाच. हवं तेवढं ती स्वतः खाते, मोजून द्यावं लागत नाही. अंड्याचे दिवस येण्याआधी काही आठवडे सुरू करायला हवं होतं. आणि त्या सावलीच्या कापडाचा एक भाग सकाळी उघडायचा, अंगावर ऊन पडलं नाही तर खाल्लेला चुना अंगी लागत नाही. पिल्लांना मात्र हे भांडं दाखवायचं नाही, त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

मी विचारलं, म्हणजे माझी चपाती खराब नाही ना?

त्या म्हणाल्या, चपातीत खोट नाही, फक्त ती मोरांसाठी नाही.

मी म्हटलं, हे लिहून द्या. लेटरहेडवर. शिक्का मारून. त्या हसल्या, पण दिलं त्यांनी.

कागद घेऊन मी त्याच दुपारी मजऱ्यावर गेले. अरबाबांनी तो लांब धरून बघितला, चष्मा नव्हता, घडी घालून आपल्या पायघोळ कंदुऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, देखते हैं. मॅनेजर बाजूला उभा होता. तो म्हणाला, "तेच मी म्हणत होतो ना ताई. पोळ्यांमुळे." आणि वाईट हे, की ते खरं होतं. खराब हा शब्द तेवढा खोटा होता. पण तेवढ्याचसाठी मी शारजापर्यंत गेले होते, आणि तो शब्द कोणी मागे घेतला नाही.

पक्ष्यांच्या बाजारात शिंपल्याचे तुकडे मिळतात. दुकानदाराने एका छोट्या पिशवीचे पंचवीस दिरहम सांगितले, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये. शिंपल्यांचे. मी पनवेलच्या खाडीकाठची. आमच्याकडे शिंपल्यांनी पाय कापतात, लोक शिव्या देऊन लाथेने उडवतात. मी दहा म्हटलं, तो अठराच्या खाली येईना. मी दुकानातून बाहेर पडले, तो बोलवेल म्हणून हळू चालले, त्याने बोलावलं नाही. रागाने गाडीत बसले आणि तशीच किचनला आले.

तिथे भुर्जीची तयारी चालली होती. माझा आचारी एकेका हातात दोन-दोन अंडी घेऊन परातीच्या काठावर फोडत होता आणि टरफलं पायाजवळच्या काळ्या पिशवीत टाकत होता. मी तिथेच उभी राहिले. रोज एक पिशवी. ती बांधून मी कचऱ्याला देत होते आणि चपात्या मोरांना पाठवत होते.

त्याहून लाज वाटायची गोष्ट ही, की हे मला ठाऊक होतं. आईच्या कोंबड्या होत्या. आम्ही तिच्या अंड्यांवर शिकलो. एखादी कोंबडी पातळ सालीचं अंडं घालू लागली की आई टरफलं चुलीच्या निखाऱ्यावर भाजायची, कुस्करायची आणि कोंड्यात मिसळायची. भाजून कुस्करायची, म्हणजे कोंबडीला ते अंडं म्हणून ओळखू येत नाही आणि तिला स्वतःची अंडी फोडून खायची चटक लागत नाही. खुराडं झाडायचं काम माझं होतं. त्या खुराड्याचा वास माझ्या शाळेच्या फ्रॉकला यायचा आणि बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं की आयुष्यात पुन्हा कोंबडीच्या पाठीमागे हात घालणार नाही. मग ते सगळं विसरले. इतकं नीट विसरले की ते शिकायला शारजाच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, टरफलं चालतील का. चालतील, म्हणाल्या, पण उकळून, चांगली भाजून, आणि पावडर करायची नाही.

किचनमधलं कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, आणि मला कोणावर सोडायचंही नव्हतं. दोन बादल्या टरफलं. प्रत्येकात पांढऱ्याची चिकट तार, आतला पापुद्रा बोटांना चिकटणारा, तळाशी साचलेलं पाणी. धुताना फेस आला आणि फेसाला वास आला. उकळताना तो वास दुप्पट झाला. ओव्हनमध्ये भाजताना तर जळक्या केसांसारखा सुटला. मी नाकाला ओढणी बांधून टरफलं जाड पिशवीत घातली आणि लाटण्याने ठेचली, तांदळाच्या कणीएवढी. संध्याकाळी दोनदा केस धुतले. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडायला निघाले तर ती गाडीची काच खाली करून म्हणाली, "मम्मा, यू स्मेल ऑफ एग्ज. आय विल टेक द बस."

मी रोज सकाळी मजऱ्यावर जाऊ लागले. गिऱ्हाइकांना मेसेज केला की मोरांना पोळी पाठवू नका, त्यांना अपाय होतो. अल मनखूलच्या बाईंचा फोन आला. एका पोळीनं काय होतंय, म्हणाल्या. मी म्हटलं, एक तुमची, एक शेजारणीची, एक भिशीतल्या प्रत्येकीची. त्या म्हणाल्या, देवाचं वाहन आहे हो ते. मी म्हटलं, वाहनात पण वाट्टेल ते भरत नाही आपण. त्यांनी फोन ठेवला आणि डबा बंद केला. इतकं जुनं गिऱ्हाईक. तेही याच खात्यात.

लांडोरींचं वागणं आणखी वाईट. माझी गाडी दिसली की माना लांब करून जाळीपाशी धावत यायच्या. मी टरफलांची वाटी ठेवायची, गोळ्यांचं भांडं ठेवायची. त्या बघायच्या, माझ्या रिकाम्या हातांकडे बघायच्या, आणि मग मोर ओरडायला लागायचा. मोर ओरडणं म्हणजे काय ते ज्याने सकाळी उपाशीपोटी तीन हातांवरून ऐकलं आहे त्याला विचारा. इतका सुंदर पक्षी आणि इतका चटोर. चौथ्या दिवशी एकीने गोळी टिपली. पाचव्या दिवशी दोघींनी. वाकड्या बोटाची लांडोर मात्र कोपऱ्यात उभी राहायची.

सोमवारी सकाळी ती उभीही नव्हती. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून वाळूत बसली होती आणि तिची शेपटी वर-खाली हलत होती, श्वासासारखी. अंडं अडकलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कोमट पाण्यात कमरेपर्यंत बसवा, अर्धा तास धरून ठेवा, मी निघते.

मजऱ्यावरच्या अरबाबांच्या घरामागे कपडे धुवायचा टब होता. मी लांडोर उचलली. तिच्या गळ्याखालची पिशवी माझ्या बोटांना लागली, कणकेच्या गोळ्यासारखी गच्च. मला कणीक हाताला कळते. मी वळून दांडीखाली बघितलं, तर वाळूत खुबूसचे तुकडे. बेकरीतला अरबी पाव, पांढरा, फुगीर. शनिवार-रविवार पाहुणे आले होते.

मी पाण्यात हात घालून तिला धरून बसले. अरबाब टॉवेल घेऊन उभे होते. पाणी हिरवट झालं. पंचवीस-एक मिनिटांनी तिने एकदा अंग आवळलं आणि माझ्या तळहातात काहीतरी उतरलं. मऊ, फाटलेलं, अर्धं आत अर्धं बाहेर. मी ते दोन बोटांनी हळूहळू बाहेर काढलं. पिवळा बलक माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. मला उलटी येत होती आणि हात सोडता येत नव्हते. लांडोरीचं डोकं माझ्या दंडावर पडलेलं, आणि तिच्या छातीची धडधड माझ्या बोटांत.

मॅनेजर आला तेव्हा मी तशीच बसले होते.

"साहेब, खुबूस कोणी घातला?"

"ताई, पाहुण्यांची मुलं होती. मी काय सांगणार त्यांना?"

"अरबाबांना माझं नाव सांगता आलं. मुलांना 'नको' एवढं सांगता आलं नाही?"

तो म्हणाला, ताई, तुम्ही उगाच पर्सनल घेताय. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पनवेलच्या मासळी बाजारातली भाषा होती आणि ती मला अजून पाठ आहे. अरबाबांनी मध्ये विचारलं, "क्या बोलती है?"

मी म्हटलं, "बोलती हूँ, अरबाब, ये रोटी मेरी नहीं है. इस बार की."

ते 'इस बार की' तोंडातून आपोआप गेलं. म्हातारा म्हणाला, "खलास." मॅनेजरपुढे हात पसरून त्याने जाळीच्या दाराची चावी मागून घेतली आणि माझ्या बरबटलेल्या हातात दिली. मला वाटलं माफी आली. घरी जाताना गाडीत कळलं की माफी नाही, कामच आलं आहे. आता रोज सकाळी मलाच यावं लागणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी चुन्याचं इंजेक्शन दिलं, लांडोर वाचली. पण बारा दिवस तिने काही घातलं नाही. बाकीच्या तिघी सुधारत गेल्या. आधी खरखरीत, चुन्याचे दाणे वर आलेली अंडी, बोटाने दाबलं तर चिरणारी. मग गुळगुळीत. ऊन वाढत चाललं होतं. उन्हाळ्यात पक्षी धापा टाकतो, कमी खातो, आणि मग अंडीच थांबतात. अरबाब रोज माझ्याआधी येऊन खुर्चीवर बसलेले असायचे. विचारायचे काही नाहीत. मी वाटीतली टरफलं किती कमी झाली ते बघायची आणि बोटं दाखवायची, एवढी. ते मान हलवायचे.

तेराव्या दिवशी वाकड्या बोटाची लांडोर वाटीपाशी गेली आणि टरफलं खाऊ लागली, एकामागून एक, जशी काही उधारी वसूल करतेय. एप्रिल संपता संपता तिने दोन अंडी घातली. मी पहिलं उचललं आणि नखाने टिचकी मारली. टक् असा आवाज आला. मी ते अरबाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाशी नेलं आणि गालाला लावलं. मी हात धुवायला गेले.

दोन्ही अंडी एका खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली. एक वांझ निघालं. दुसऱ्यातून अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर आलं, ओलं, विटकरी, अजिबात देखणं नसलेलं.

त्याच दुपारी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मॅनेजरचा व्हिडिओ आला. इंग्रजीत लिहिलं होतं, आमच्या टीमचं यश. त्याखाली अरबाबांच्या मुलांचे अंगठे, फुलं, माशाल्ला. मी अंगठा दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर अरबाब पिल्लाच्या पिंजऱ्याशी बसलेले. मला म्हणाले, "रोटी नहीं लाई? मेरे लिए?" मी म्हटलं, आपणच म्हणालात, मत भेजो. ते म्हणाले, वो तो मोर के लिए बोला था. तसं ते म्हणाले नव्हते. 'कल से मत भेजो' एवढंच म्हणाले होते, मोर शब्द त्यात नव्हता. मला अजून त्यांचं वाक्य जसंच्या तसं आठवतं आणि मी ते विसरणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सहा चपात्या पाठवल्या, तूप लावून.

आणि ते रोटी मागत होते तेव्हाच माझं लक्ष पिंजऱ्यात गेलं होतं. पिल्लाच्या पुढ्यात माझ्या टरफलांची वाटी होती, काठोकाठ भरलेली. मॅनेजर मोबाइल समोर धरून उभा होता. म्हणाला, ताई, कॅल्शियम, लहानपणापासून दिलेलं चांगलं.

पिल्लांना हे भांडं दाखवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी वाकून वाटी बाहेर काढली आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिली. उन्हात ती तापली होती. त्याने नाक मुरडलं आणि मान मागे नेली.

"वास येतोय ना, साहेब?" मी म्हटलं. "धरा जरा."